‘पॉवर’चं गोत

भावाच्या नावे जागेची पॉवर करून दिली. चष्म्याची पॉवर वाढली. थ्री फेज पॉवर या आठवड्यात रात्रीचीच आहे. साहेबांना आता पहिल्यासारखी पॉवर राहिली नाही. ही चारही वाक्यं आपण सहज बोलतो आणि ऐकणाऱ्याला प्रत्येक वेळी वेगळं काही कळतं: कधी मुखत्यारी, कधी भिंगाचा नंबर, कधी वीज, तर कधी सत्ता. मराठीत या सगळ्यांसाठी वेगवेगळे शब्द होतेच, अजूनही आहेत. इंग्रजीने त्यांना एकाच शब्दाखाली आणलं आणि तो शब्द आपण जसाच्या तसा उचलला. परका म्हणून आलेला हा शब्द, पण त्याचं कूळ शोधत मागे गेलं की तो आपल्याच भावकीतला निघतो.

लॅटिनमध्ये ‘पोस्से’ असं क्रियापद होतं. अर्थ साधा: शकणे, करता येणे. दोन तुकडे जोडून ते झालं होतं. पहिला ‘पोतिस’, म्हणजे समर्थ, धनी. दुसरा ‘एस्से’, म्हणजे असणे. जो धनी असतो त्याला करता येतं, असा त्या जोडणीचा भाव. बोलभाषेतल्या लॅटिनमध्ये त्याचं ‘पोतेरे’ झालं, जुन्या फ्रेंचमध्ये ते आणखी घासलं गेलं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं तिथल्या दरबाराची, न्यायालयांची भाषा फ्रेंच राहिली. जिंकणाऱ्यांच्या तोंडचा हा शब्द १३०० च्या सुमारास इंग्रजी लिखाणात दिसू लागतो. इंग्लंडात तो जेत्यांबरोबर गेला. आपल्याकडेही तो जेत्यांबरोबरच आला.

आता त्या दोन तुकड्यांकडे नीट बघू. ‘पोतिस’ म्हणजे आपला ‘पति’. लॅटिन आणि संस्कृत या एकाच मूळ घराण्यातल्या भाषा, आणि हा शब्द दोघींनी त्या घरातून बरोबर आणला. संस्कृत वैयाकरण पतीची व्युत्पत्ती ‘पा’ म्हणजे रक्षण करणे या धातूवरून सांगतात. वेदांत पति म्हणजे मुळात नवरा नव्हे. पति म्हणजे स्वामी. प्रजापति, गृहपति, वास्तोष्पति हे सगळे त्या अर्थाचे. ऋग्वेदात ‘दंपति’ हा शब्द एकवचनातही येतो, अग्नीसाठी, इंद्रासाठी. ‘दम्’ म्हणजे घर, तेव्हा दंपति म्हणजे घरधनी. द्विवचनात तोच शब्द घराच्या दोन धन्यांसाठी येतो, आणि आपण जोडप्यासाठी वापरतो तो दंपती हाच. ग्रीकमध्ये याच जोडशब्दाचं ‘देस्पोतेस’ झालं. आधी त्याचा अर्थ घराचा मालक, मग गुलामांचा मालक. इंग्रजीत जुलमी हुकूमशहाला जो ‘डेस्पॉट’ म्हणतात, तो तिथून आलेला. लग्नपत्रिकेतला दंपती आणि इतिहासातला डेस्पॉट एकाच उंबऱ्यातून बाहेर पडले, हे मला या सगळ्या कुळकथेतलं सर्वांत विचार करायला लावणारं पान वाटतं.

‘पत्नी’चंही तसंच. ग्रीकमधला ‘पोत्निया’ हा तिचा सख्खा शब्द, अर्थ स्वामिनी, देवी. ऋग्वेदातल्या विवाहसूक्तात नव्या वधूला घरात जाऊन गृहपत्नी हो असं सांगितलं आहे. तिथे अर्थ घरची मालकीण असा आहे. स्वामी या अर्थाचा शब्द आकसून नवरा या अर्थावर आला, हा बदल फार जुना. पण तोच बदल मराठीने आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा एकदा केला आहे. खेड्यातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ‘आमचं मालक’ म्हणते, ‘धनी’ म्हणते, ‘कारभारी’ म्हणते. मालक हा अरबीतून आलेला, धनी संस्कृतातून, कारभारी फारसी वळणाचा. वाटा तीन वेगळ्या, पोचले एकाच घरी. नवरा म्हणजे ज्याची सत्ता, हे समीकरण भाषेत इतकं खोल बसलं आहे की शब्द बदलले तरी ते हललं नाही.

पतीचा जुना अर्थ मराठीत राजकारणाने जिवंत ठेवला. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा फारसी पदनामांच्या जागी संस्कृत नावं आली. सरनौबत होता त्याचा सेनापती झाला, पेशव्याचा मुख्य प्रधान. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच प्रयत्नाचा भाग. आणि महाराज स्वतः छत्रपती झाले. पुढे २००७ साली प्रतिभाताई पाटील देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा बाईला ‘पती’ कसं म्हणायचं यावर बरीच चर्चा झाली. शब्दाच्या कुळाकडे पाहिलं असतं तर प्रश्नच उरला नसता. तो ‘पती’ नवरा नाही, धनी आणि रक्षणकर्ता आहे. त्याला लिंग चिकटलं ते नंतर.

आता दुसरा तुकडा, ‘एस्से’. हा म्हणजे संस्कृतचा ‘अस्’. ‘अस्’पासून ‘सत्’, म्हणजे जे आहे ते. ‘सत्’ला भावाचा ‘ता’ लागला की सत्ता. सत्ता म्हणजे असणेपण. न्याय-वैशेषिकांत सत्ता हा शब्द नेमका याच अर्थाने येतो: द्रव्यात, गुणात, कर्मात जे ‘आहे’पण समान आहे ते. वेदान्त्यांनी तिचे थर केले, पारमार्थिक सत्ता, व्यावहारिक सत्ता, प्रातिभासिक सत्ता. दोरीवर दिसलेला साप त्या तिसऱ्या थरातला. यात राज्य नाही, हुकूम नाही, खुर्ची नाही. निव्वळ असणं आहे.

मग असण्याचं राज्य करणं कसं झालं? माझ्या समजुतीप्रमाणे ही वाट भक्तीतून गेली. वेदान्तात असं सांगतात की ईश्वर काही करत नाही; तो नुसता आहे आणि त्याच्या असण्यामुळे सगळं हलतं. लोहचुंबक जागचा हलत नाही, लोखंड हलतं. संतांनी हा विचार मराठीत आणला आणि त्यांच्या वाणीत सत्ता देवाची झाली: देह चालतो तो त्याच्या सत्तेने, वाचा बोलते ती त्याच्या सत्तेने. इथे सत्तेला ‘असणं’ आणि ‘चालवणं’ असे दोन्ही अर्थ एकदम आहेत. त्यातला पहिला हळूहळू मागे पडला आणि दुसरा देवाच्या हातून राजाच्या हाती आला. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही ही म्हण तयार होईपर्यंत शब्दातलं तत्त्वज्ञान आटलं होतं. एक कागद मात्र जुन्या अर्थाच्या जवळ राहिला आहे. शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका काढून बघा. त्यात ‘सत्ता प्रकार’ असा रकाना असतो आणि त्यापुढे एखादं अक्षर. तिथे सत्ता म्हणजे हुकूम नाही. ही जमीन कोणाकडे कोणत्या नात्याने आहे, एवढंच.

एकूण हिशेब असा: पॉवर म्हणजे पति अधिक अस्, आणि सत्ता म्हणजे अस्‌चीच लेक. दोघी एकमेकींच्या नात्यातल्या.

राज्यकारभाराच्या मराठीत याहून जास्त वापर मात्र अरबी-फारसी शब्दांचा. त्यांतला ‘अंमल’ मला फार आवडतो. अरबीत अमल म्हणजे कृती, केलेलं काम. कारभारात त्याचा अर्थ झाला वसुली आणि हुकमत. अंमलदार म्हणजे तो चालवणारा. पोलीस ठाण्यात पाऊल टाकलं की समोर बसलेला ठाणे अंमलदार हा त्याच घराण्यातला. कायदा नुसता करून भागत नाही, त्याची अंमलबजावणी लागते, तेव्हा अमलाचा मूळ अर्थ, म्हणजे प्रत्यक्ष कृती, परत वर येतो. आणि याच शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे, नशेचा. दारूचा अंमल चढतो, झोपेचा अंमल असतो, अमली पदार्थ पकडले जातात. ज्याचा अंमल असतो तो दुसऱ्याच्या अंगावर चढलेला असतो, हे या शब्दाने एका दमात सांगून टाकलं.

‘मुखत्यार’ची गोष्ट याच्या उलट, सौम्य. अरबीत ‘खैर’ म्हणजे चांगलं. त्याच धातूपासून ‘इख्तियार’, म्हणजे दोन गोष्टींतली चांगली निवडणं, निवडीची मोकळीक. मराठीत त्याचा अखत्यार झाला: हे माझ्या अखत्यारीत नाही. आणि ज्याच्याकडे ती मोकळीक आहे तो मुखत्यार. ‘कुल’ म्हणजे सगळं, तेव्हा कुलमुखत्यारपत्र म्हणजे सगळ्या निवडी तुझ्या हाती दिल्या असं लिहून देणारा कागद. इंग्रजीत याच कागदाच्या नावात पॉवर आहे. इंग्रजी नाव सामर्थ्य कुणाकडे गेलं ते सांगतं. मराठी नाव तुम्ही नेमकं काय देऊन टाकलंत ते सांगतं: तुमच्या वतीने निवडायचा हक्क. वृद्ध आईवडिलांना सही करायला लावताना त्यांना ‘पॉवर’ न म्हणता ‘मुखत्यारी’ म्हणून समजावलं, तर ते दोन प्रश्न जास्त विचारतील, आणि त्यांनी ते विचारावेत.

शक्तीबद्दल लिहायचं तर ग्रंथ होईल. तिचा धातू ‘शक्’, आणि आपण रोज बोलतो ते ‘शकणे’ तोच. मी येऊ शकत नाही असं म्हणतो तेव्हा आपण शक्तीचंच रूप चालवत असतो. अर्थाने पाहिलं तर ‘पोस्से’ची खरी जोडीदार हीच. महाभारतात शक्ती हे अस्त्रही आहे; कर्णाने घटोत्कचावर टाकली ती इंद्राने दिलेली शक्ती. महाराष्ट्रात साडेतीन पीठांत ती देवी आहे. काव्यशास्त्रात अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दाच्या शक्ती आहेत. कौटिल्याने राजाच्या तीन शक्ती सांगितल्या: उत्साहशक्ती म्हणजे स्वतःचा पराक्रम, प्रभुशक्ती म्हणजे कोश आणि सैन्य, मंत्रशक्ती म्हणजे सल्ला आणि विचार. त्याने पराक्रमापेक्षा कोश-सैन्य वरचं धरलं आणि त्याहून विचार वरचा.

गणितातल्या पॉवरला आपण ‘घात’ म्हणतो, आणि शाळेतल्या मुलाला तो शब्द भयंकर वाटतो. ग्रीक गणितात वर्गाला ‘द्युनामिस’ म्हणजे सामर्थ्य म्हणत. त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि तिथून इंग्रजी पॉवर. डायनामो आणि डायनामाइट ही त्याच ग्रीक शब्दाची पुढची पिढी. आपला घात वेगळ्या घरचा. तो ‘हन्’ धातूचा, मारणे-ठोकणे या अर्थाचा, आणि संस्कृत गणितात गुणाकाराला घात म्हणतात. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत दोन समान संख्यांचा घात म्हणजे वर्ग, तिघांचा म्हणजे घन. विश्वासघाताशी त्याचं नातं धातूपुरतंच.

या शब्दाचं आधुनिक नशीब मात्र इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमजवळच्या एका कारखान्यात ठरलं. मॅथ्यू बोल्टन आणि जेम्स वॉट यांनी १७७५ मध्ये वाफेच्या यंत्रांसाठी भागीदारी केली. पुढच्याच वर्षी लेखक जेम्स बॉसवेल त्यांचा सोहो कारखाना पाहायला गेला, तेव्हा बोल्टनने त्याला सांगितलं की साऱ्या जगाला जे हवंसं वाटतं ते मी इथे विकतो, पॉवर. राजांच्या दरबारातला शब्द त्याने गिरणीच्या दारात आणून ठेवला. तोवर सामर्थ्य कुणाचं तरी असे, माणसाचं, जनावराचं, राजाचं, देवाचं. आता ते मोजून, किंमत लावून विकता येऊ लागलं.

मोजायचं कशाने? खाणमालकांचा प्रश्न सोपा होता. त्यांच्याकडे न्यूकोमेनची जुनी, वाफेवरचीच यंत्रं होती. नव्या यंत्राने जो कोळसा वाचेल त्याच्या एक तृतीयांश किंमत बोल्टन आणि वॉट घेत. पण ज्याच्याकडे घोडेच होते, त्या गिरणीवाल्याला काय सांगायचं? त्याला एकच माप समजत होतं: हे यंत्र किती घोड्यांचं काम करतं. वॉटने गिरणीतल्या घोड्याचा हिशेब मांडला. घोडा बारा फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो, तासाला १४४ फेऱ्या, आणि १८० पौंडांच्या जोराने ओढतो. परीघ, फेऱ्या आणि जोर यांचा गुणाकार केला की मिनिटाला सुमारे ३२,५७२ फूट-पौंड येतात. वॉटने ते वर ओढून ३३,००० धरले. हीच एक अश्वशक्ती. दिवसभर राबणाऱ्या सामान्य घोड्याला हे झेपत नाही. पण माप चढं ठेवल्याने घोडे विकून यंत्र घेणारा कधी फसला नाही, आणि मला तो वॉटचा प्रामाणिकपणा वाटतो. त्याच्या मृत्यूनंतर, १८८२ मध्ये, विल्यम सीमेन्सने सामर्थ्याच्या एककाला त्याचं नाव सुचवलं. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट.

आपल्याकडे विहिरीवर घोडा जुंपला जात नसे. मोट ओढायला बैल. धावेवरून खाली उतरायचे, नाडा ताणायचा, मोट थारोळ्यात रिकामी व्हायची, आणि पुन्हा उलट्या पावली वर. असं असूनही मोट गेली आणि पंप आला तेव्हा त्याची ताकद घोड्यांतच मोजली गेली. तीन एचपी, पाच एचपी, साडेसात एचपी. मीटर नसलेल्या शेतीपंपाच्या विजेचा हिशेब एचपीवरच होतो. वॉटच्या हिशेबातला तो गोल फिरणारा घोडा आपल्या बिलात छापलेला आहे.

मुंबईत पॉवर हा शब्द वीज या अर्थाने टाटांच्या कंपन्यांच्या नावांतच आला. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं, कोकणाच्या बाजूला खाली सोडायचं आणि त्यावर तयार झालेली वीज गिरण्यांना पुरवायची ही योजना. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी १९१० ची, खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. मग भिवपुरी, मग भिरा. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी निघाली ती मुळशीच्या धरणासाठी.

आणि मुळशीत या शब्दाचे सगळे अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकले. कंपनीला हवी होती वीज. जमिनी मिळवून दिल्या त्या सरकारी सत्तेने, १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या जोरावर. १९२१ साली रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. त्यांची घोषणा एवढीच होती, जान किंवा जमीन. पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी सेनापती म्हटलं ते या लढ्यात. तुरुंगवास झाले, लढा १९२४ पर्यंत चालला, धरण झालं, गावं पाण्याखाली गेली. भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. धरणाविरुद्धच्या जगातल्या सुरुवातीच्या मोठ्या लढ्यांत या सत्याग्रहाचं नाव घेतलं जातं. एका बाजूला नावातच पॉवर असलेली कंपनी, दुसऱ्या बाजूला लोकांनी दिलेल्या नावात ‘पती’ असलेला माणूस. कुणाची शक्ती, कुणाची सत्ता आणि कुणाची वीज, हे तिथे वेगवेगळं विचारावं लागलं. एकच शब्द वापरला असता तर प्रश्न बुडाले असते, म्हणूनच हे शब्द वेगळे राहायला हवेत असं मी आग्रहाने म्हणतो.

इचलकरंजीची कथा वेगळी, तिथे पॉवर माणसांच्या हाती आली. विठ्ठलराव दातारांनी जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठिंब्याने १९०४ मध्ये तिथे पहिला पॉवरलूम बसवला. कागदावर तो यंत्रमाग, बोलण्यात नुसता माग. धोटा तोच राहिला, हाताऐवजी मोटार आली. सूत दुसऱ्याचं आणि मजुरीवर विणकाम आपलं, अशा मागवाल्याला तिथे खर्चीवाला म्हणतात. मागात पॉवर आहे, पण भाव ठरवायची मुखत्यारी त्याच्याकडे नाही, हे त्या एका शब्दावरून समजतं.

असे शब्द टिकायचे तर ते कोशात यावे लागतात. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात काढले. त्यानंतर गावात डीपी आली, तारेवर आकडा टाकणं आलं, थ्री फेजची पाळी आली, साहेबाची पॉवर आली आणि गेली. तुमच्या शेतात, कारखान्यात, कचेरीत सामर्थ्यासाठी जो शब्द चालतो, तो कोण कुणाला कोणत्या वाक्यात म्हणतं यासकट वहीत लिहून ठेवा, आणि पुढचा कोश करणाऱ्यांच्या हाती द्या.